यशाचा हिशेब एकट्याच्या नावावर नको

निकालांचे दिवस आले की धुळ्यात आग्रा रोडपासून साक्री रोडपर्यंत चौकाचौकांत फ्लेक्स झळकू लागतात. दहावीला नव्वद टक्के मिळवणारी मुलगी, फौजदार झालेला तरुण, वैद्यकीय शाखेला प्रवेश मिळालेला विद्यार्थी आणि त्यांच्या फोटोखाली शुभेच्छुकांची लांबच लांब रांग. पाठोपाठ सत्कार समारंभ होतात. बाबासाहेबांच्या प्रतिमेला पुष्पहार घातला जातो आणि वक्ते एकामागून एक सांगतात की जिद्द, चिकाटी आणि मेहनत असेल तर जगात अशक्य असे काही नाही. आमच्या वस्तीतले पोर मोठे झाले याचा आनंद आम्हालाही होतो. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या हातात झाडू आणि डोक्यावर मोळी होती, त्यांच्या मुलाच्या हातात नियुक्तीपत्र येणे ही लहान गोष्ट नाही. तो सत्कार झालाच पाहिजे.

परंतु या भाषणांतून न बोलता जी गोष्ट सांगितली जाते, तिच्याबद्दल बोलण्याची वेळ आता आली आहे. चिकाटी असेल तर यश मिळतेच, असे एकदा म्हटले की ज्याला यश मिळाले नाही त्याच्यात चिकाटीच नव्हती, असा निष्कर्ष आपोआप निघतो. झोपडीतला एक मुलगा कलेक्टर झाला, मग त्याच झोपडपट्टीतल्या बाकीच्या पोरांना काय धाड भरली होती, असा सवाल विचारला जातो. हा सवाल आम्हाला फार जुना वाटतो. पूर्वी सांगत, तुम्ही गावकुसाबाहेर आहात कारण गेल्या जन्मी पाप केले. आता सांगतात, तुम्ही मागे आहात कारण या जन्मी आळस केला. दोन्ही वेळा व्यवस्था निर्दोष सुटते आणि गुन्हेगार ठरतो तो भोगणाराच. कर्मविपाकाचा सिद्धांत बाबासाहेबांनी आमच्या डोक्यातून काढून टाकला. तोच सिद्धांत 'व्यक्तिमत्त्व विकासा'चा कोट घालून मागच्या दाराने परत येत असेल, तर त्याला दारातच अडवणे हे आंबेडकरी विचाराच्या वृत्तपत्राचे काम आहे.

म्हणून यश म्हणजे काय आणि चिकाटीने माणूस कसा घडतो, याचा विचार आपण आपल्याच मातीतल्या उदाहरणांवरून करू.

पहिले उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. साक्री तालुक्यातले सामोडे हे गाव. तिथल्या भिल्ल वस्तीत डॉ. राजेंद्र भारूड यांचा जन्म १९८८ साली झाला. जन्माआधीच वडील गेले. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या झोपडीत आई कमलाबाई मोहाची दारू गाळून विकत आणि त्यावर घर चाले. दारू प्यायला येणारी माणसे खारेमुरे आणायला पोराला धाडत, त्या बदल्यात चार पैसे देत आणि त्यातून तो वह्या-पुस्तके घेई. हे सारे त्यांनीच 'मी एक स्वप्न पाहिलं' या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून आणि मुलाखतींतून सांगितलेले आहे. सामोड्याच्या जिल्हा परिषद शाळेतून ते अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात गेले. तिथून मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन डॉक्टर झाले. पुढे केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली. आधी भारतीय महसूल सेवा मिळाली, पुन्हा परीक्षा दिली आणि २०१३ च्या तुकडीत ते भारतीय प्रशासन सेवेत आले. कलेक्टर म्हणजे नेमके काय हे वस्तीला माहीत नव्हते. पोरगा कंडक्टर झाला असे समजून शेजाऱ्याने अभिनंदन केले, असेही त्यांनी सांगितले आहे. लोक या प्रसंगावर हसतात. आम्हाला मात्र त्यात एका समाजाला राज्यकारभारापासून किती लांब ठेवले गेले होते, याचे मोजमाप दिसते.

ही कहाणी व्यासपीठावरून सांगितली जाते तेव्हा आई, झोपडी आणि परीक्षा एवढेच तिच्यात उरते. मधले सगळे गळून पडते. पाचवीत असलेल्या पोराची बुद्धी ओळखून, याला चांगल्या शाळेत घाला, असे आईला सांगणारे जिल्हा परिषदेचे शिक्षक गळून पडतात. ते शिक्षक खासगी शिकवणीचे नव्हते. सरकारी पगारावर आदिवासी वस्तीपर्यंत पोहोचलेले होते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून निघालेली नवोदय विद्यालये गळून पडतात. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके विनामूल्य आणि किमान पंच्याहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना, अशी ती योजना आहे. ती नसती तर सामोड्याच्या दारू गाळणाऱ्या बाईला आपला मुलगा दीडशे किलोमीटरवर ठेवून शिकवता आला असता काय? डॉ. भारूड यांच्या हुशारीवर आणि कष्टांवर आम्हाला तसूभरही शंका नाही. त्यांनी केले ते हजारात एखाद्याला जमते. पण आमच्या खानदेशातला कोरडवाहू कापूस पिकवणारा शेतकरी एक गोष्ट जाणतो. बियाणे कितीही कसदार असो, जमिनीत ओल नसेल तर ते उगवत नाही. आणि न उगवलेल्या बियाण्याला कोणी आळशी म्हणत नाही.

आता दुसरे उदाहरण. ते फ्लेक्सवर लागत नाही. डॉ. पायल तडवी ही जळगावची लेक, तडवी भिल्ल समाजातली. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून ती एम.बी.बी.एस. झाली. स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे नायर रुग्णालयात, २०१८ मध्ये तिला प्रवेश मिळाला. २२ मे २०१९ रोजी वसतिगृहाच्या खोलीत तिने जीवन संपवले. ती सव्वीस वर्षांची होती. वरिष्ठ सहकारी जातीवरून छळ करत असल्याची तक्रार तिच्या कुटुंबाने केली. त्यावरून गुन्हा नोंदला गेला, आरोपपत्र दाखल झाले. न्यायनिवाडा करणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नाही. आमचा सवाल वेगळा आहे.

सामोड्याचा मुलगा आणि जळगावची मुलगी, दोघेही खानदेशचे, दोघेही आदिवासी, दोघेही डॉक्टर. पायलमध्ये चिकाटी कमी होती असे कोण म्हणेल? ज्या समाजात मुलगी दहावी होणे हीच मोठी गोष्ट, त्या समाजातून पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणापर्यंत जाणे हे जिद्दीशिवाय होते काय? मग चिकाटी असेल तर सारे शक्य आहे असे सांगणाऱ्या वक्त्यांकडे तिच्या आईला द्यायला काय उत्तर आहे? उत्तर नाही. कारण माणूस किती जोर लावतो हा निम्माच प्रश्न आहे. समोरून त्याला कोण आणि किती जोराने ढकलते, हा उरलेला निम्मा आहे. जे व्याख्यान पहिला निम्मा सांगते आणि दुसरा गिळून टाकते, ते व्याख्यान अर्धसत्य सांगते. गरिबाच्या लेकराला ते अर्धसत्य फार महाग पडते. कारण अपमान झाला, वाट अडली की ते स्वतःलाच दोषी धरू लागते.

त्याच आईची, आबेदा तडवी यांची, चिकाटी मात्र सांगितली पाहिजे. हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला जानेवारी २०१६ मध्ये गेला. त्याची आई राधिका वेमुला आणि पायलची आई आबेदा तडवी या दोघींनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. उच्च शिक्षणसंस्थांतला जातिभेद रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये केलेले नियम कागदावर न राहता प्रत्यक्षात यावेत आणि तक्रार ऐकणारी खरीखुरी यंत्रणा उभी राहावी, ही त्यांची मागणी. या लढ्यातून त्यांना स्वतःसाठी काय मिळणार होते? त्यांची लेकरे परत येणार नव्हती. तरीही त्या दोघी न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या, त्या ज्यांना त्यांनी कधी पाहिले नाही अशा लेकरांसाठी. चिकाटी या शब्दाचा याहून मोठा अर्थ आम्हाला ठाऊक नाही.

इथे स्वाभाविकपणे बाबासाहेबांचे स्मरण होते. त्यांच्या आयुष्यातून फक्त दिव्याखालचा अभ्यास आणि अठरा तासांचे वाचन उचलणाऱ्यांनी उरलेली हकिकतही वाचावी. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये लंडनला आले आणि पुढच्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून शिक्षण अर्धवट टाकून परतले. बडोद्यात नोकरीवर गेले तर राहायला जागा मिळेना. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांना पहिल्यांदा रुचला नाही. तो त्यांनी नव्याने लिहून पाठवला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पदवी मिळाली. अर्ध्यावर सुटलेला धागा त्यांनी पुन्हा उचलला आणि तडीस नेला. त्यासाठी स्वतःचे कष्ट घातले आणि शाहू महाराजांचा, मित्राचा हातही घेतला. आपण कोणाच्याही मदतीशिवाय मोठे झालो असे त्यांनी कधी मिरवले नाही.

आणि एवढे सारे मिळवल्यावर काय झाले? १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळे लाईनवरच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला गेला होता. तिथली चौकशी करून ते चाळीसगावला परतले. वस्तीतल्या लोकांच्या आग्रहावरून मुक्काम करायचे ठरले. स्टेशनापासून महारवाडा जवळच होता, मध्ये नदी आणि तिच्यावर पूल. पण महाराला टांग्यातून न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी एकाने टांगा भाड्याने दिला, मात्र हाकायला येणार नाही या अटीवर. आपला साहेब पायी चालत जाणे वस्तीच्या स्वाभिमानाला पटेना, म्हणून ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्यातल्याच एकाने लगाम हाती धरला. पुलावर टांगा उलटला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांच्या पायाचे हाड मोडले आणि घोडा टांग्यासकट नदीत गेला. पुढे आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिताना त्यांनी जो निष्कर्ष काढला, तो असा की टांगेवाला कितीही हलक्या कामाचा असो, बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षाही तो स्वतःला श्रेष्ठच समजतो.

कोलंबियाची पीएच.डी., लंडनची डी.एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी, मुंबई कायदे कौन्सिलचे सदस्यत्व! आजच्या हिशेबाने यशाच्या सगळ्या पायऱ्या त्यांनी चढलेल्या होत्या. पण चाळीसगाव स्टेशनावर या सगळ्या पदव्यांची किंमत एका टांग्याच्या भाड्याएवढीही ठरली नाही. समाज जिथे होता तिथेच राहिला आणि एकटा माणूस वर गेला, तर त्या यशाला किती अर्थ उरतो, हे खानदेशच्या मातीत बाबासाहेबांनी आपल्या मोडलेल्या पायाने अनुभवले. त्यांनी त्यावर रडगाणे गायले नाही आणि स्वतःपुरती वाट शोधून बाजूलाही झाले नाहीत. आठच वर्षांनी, ३१ जुलै १९३७ रोजी, ते धुळ्याच्या न्यायालयात वकील म्हणून उभे राहिले. त्या वेळी लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. आजही दरवर्षी ३१ जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते आणि हजारो माणसे पावसाची पर्वा न करता लळिंगची वाट चालतात.

त्यांनी आपल्या यशाचे काय केले, हे पाहिले की यशाची व्याख्या हाती लागते. ज्यांना स्वतःला शिष्यवृत्तीअभावी लंडन सोडावे लागले, त्या बाबासाहेबांच्या प्रयत्नांतून ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ज्यांना वर्गात वेगळे गोणपाटावर बसवले गेले, त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, आणि १९५० मध्ये सुरू झालेले औरंगाबादचे महाविद्यालय पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आले. स्वतःच्या पायात जो जो काटा रुतला, तो मागून येणाऱ्याच्या वाटेवरून त्यांनी उपटून टाकला. आमच्या मते यश ते हेच. आपल्याला जिथे ठेच लागली, तिथला दगड मागच्यासाठी हटवणे.

बुद्धाच्या धम्मातही हाच विचार आहे. दहा पारमितांमध्ये विरिय आहे. हाती घेतलेले काम मागे न हटता सर्व सामर्थ्यानिशी करणे, असा त्याचा अर्थ. अधिष्ठान आहे, म्हणजे ध्येय गाठण्याचा दृढ निर्धार. परंतु त्याच यादीत दान आहे, करुणा आहे, मैत्री आहे. एकटे विरिय बाजूला काढून त्याची पूजा करायला बुद्धाने सांगितलेले नाही. करुणेवाचूनची चिकाटी जुलूम करणाऱ्याकडेही असते, काळाबाजार करणाऱ्याकडेही असते. सम्यक व्यायाम म्हणजे मनात न आलेल्या वाईटाला येऊ न देणे, आलेले काढून टाकणे, चांगले नसेल तर रुजवणे आणि रुजलेले जपणे. ही रोजची मेहनत आहे. तिचा निकाल कुठल्याही यादीत लागत नाही, पण माणूस घडतो तो तिच्यातून.

आता आम्ही आमच्या तरुणांकडे वळतो, कारण या सगळ्यात खरा जीव त्यांचा अडकला आहे. धुळे, जळगाव, नंदुरबारची पोरे गावात अभ्यासिका नाही म्हणून पुण्याला जातात, कॉट बेसिसवर राहतात, एका वेळच्या मेसवर दिवस काढतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात. २०२३ च्या परीक्षेत अंतिम निवड झाली ती १,०१६ जणांची. म्हणजे हजारात एक. उरलेले नऊशे नव्याण्णव आळशी होते असे कोणाला म्हणायचे आहे काय? २०२१ च्या जूनमध्ये पुण्यात राज्य लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एका तरुणाने, मुलाखतच होत नाही म्हणून हताश होऊन आत्महत्या केली. त्याने आपले काम केले होते. शासनाने आपले केले नव्हते. तरीही जीव गेला तो त्याचा.

म्हणून आम्ही तरुणांना स्पष्ट सांगतो. चिकाटी ध्येयाशी धरायची असते, एकाच दरवाजाशी नव्हे. याचाही धडा बाबासाहेबांनीच घालून दिला आहे. आपल्या शेजारच्या नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. लोकांनी लाठ्या खाल्ल्या, दगड झेलले, पाच वर्षे लढा चालला. दरवाजा उघडला नाही. तेव्हा आणखी पंधरा वर्षे त्याच दाराशी बसा, असे बाबासाहेबांनी सांगितले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि वाट बदलली. ध्येय मात्र माणुसकीच्या हक्काचेच राहिले. त्यासाठी पुढची एकवीस वर्षे त्यांनी अभ्यास केला, लोकांची तयारी केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंना बुद्धाच्या मार्गावर आणले. काळारामचा सत्याग्रह अपयशी ठरला असे कोणी म्हणेल काय? त्या पाच वर्षांनी एका लाचार समाजाला ताठ उभे राहायला शिकवले. दार बंद राहिले, पण दाराबाहेरची माणसे पहिल्यासारखी राहिली नाहीत.

चार वर्षे परीक्षा देऊन जो मुलगा गावी परततो, तो रिकाम्या हाताने परतत नाही, हे त्याने आणि त्याच्या घरच्यांनीही ओळखावे. त्याला राज्यघटना कळलेली असते, पंचायतीचे कायदे कळलेले असतात, अर्ज कसा लिहावा आणि माहिती कशी मागावी हे कळलेले असते. असा मुलगा गावात शिक्षक होऊ शकतो, वकील होऊ शकतो, धंदा करू शकतो, ग्रामसभेत उठून प्रश्न विचारू शकतो. किती प्रयत्न करायचे याची मर्यादा आधीच ठरवा. दुसरी वाट हाताशी ठेवा. आणि निकालाच्या यादीत नाव नाही म्हणून बापाच्या नजरेला नजर भिडवू न शकण्याइतके आपण काही पाप केलेले नाही, हे मनावर कोरून ठेवा. आईबापांनाही आमचे सांगणे आहे. शेजाऱ्याच्या पोराचा फ्लेक्स दाखवून आपल्या पोराला टोचू नका.

ज्यांना यश मिळाले त्यांच्याशीही दोन शब्द बोलले पाहिजेत. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी आपले दुःख बोलून दाखवले. शिकून हे लोक समाजाची सेवा करतील असे वाटले होते, पण त्यांनी आपापले पोट भरले, असा त्या बोलण्याचा आशय होता. या गोष्टीला सत्तर वर्षे होत आली. आज धुळ्याच्या नव्या कॉलन्यांत आपल्या माणसांचे टुमदार बंगले उभे आहेत, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण त्या बंगल्यातून जुन्या वस्तीकडे जाणारी वाट किती जण वापरतात? जयंतीला वर्गणी दिली की कर्ज फिटले असे मानणारे किती? डॉ. भारूड ज्या नंदुरबार जिल्ह्यात शाळा शिकले, त्याच जिल्ह्याचे पुढे जिल्हाधिकारी झाले. कोरोनाची दुसरी लाट येण्याआधीच तिथे ऑक्सिजन प्रकल्प उभे राहिले होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये देशभर लोक श्वासासाठी तडफडत असताना आदिवासीबहुल नंदुरबारला ऑक्सिजन कमी पडला नाही. त्यांच्या यशाची आठवण सांगायचीच असेल, तर परीक्षेच्या निकालाची सांगण्याऐवजी ही सांगावी.

प्रत्येकाला कलेक्टर होता येत नाही आणि त्याची गरजही नाही. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म भरताना सामोड्यासारख्या गावातला मुलगा अडतो, तेव्हा त्याच्या शेजारी बसणारा कारकून हवा आहे. जात पडताळणीच्या फेऱ्यांत प्रवेश हुकू नये म्हणून कागद वेळेत काढून देणारा अधिकारी हवा आहे. मोठ्या शहरातल्या वसतिगृहात गेलेल्या मुलीला आठवड्यातून एकदा फोन करून, तुला कोणी त्रास देत नाही ना, असे विचारणारी आपली प्राध्यापिका हवी आहे. तालुक्याच्या गावी संध्याकाळी सात ते दहा समाजमंदिर उघडे ठेवून तिथे दिवा आणि पुस्तके देणारी चार निवृत्त माणसे हवी आहेत. यातले एकही काम असे नाही की ज्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागेल. लळिंगच्या यात्रेला येताना निळ्या झेंड्याबरोबर प्रत्येक नोकरदाराने आपण हात धरलेल्या एका तरी विद्यार्थ्याला सोबत आणावे. ती यात्रा मग नुसत्या स्मृतीची राहणार नाही.

आणि शासनाला आमचे बजावणे आहे. चिकाटीचे धडे आम्हाला देऊ नका, ती आमच्याकडे भरपूर आहे. अर्धे आयुष्य उसाच्या फडात काढून लेकरू शिकवणाऱ्या बापाला आणि दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून मुलीची फी भरणाऱ्या आईला चिकाटी शिकवण्याची हिंमत कोणी करू नये. तुम्ही शिष्यवृत्ती वेळेवर द्या, वसतिगृहे राहण्यासारखी ठेवा, रिक्त जागा भरा, जिल्हा परिषदेच्या शाळा पटसंख्येचे कारण पुढे करून बंद करू नका आणि उच्च शिक्षणसंस्थांत जातीवरून छळणाऱ्याला शिक्षा होईल अशी यंत्रणा उभी करा. ज्या शिडीने एक राजेंद्र वर चढला, ती शिडी काढून घ्यायची आणि वर त्याच्या कहाणीचे धडे पाठ्यपुस्तकांत छापायचे, हा ढोंगीपणा आम्हाला मान्य नाही.

चाळीसगावच्या पुलावर ज्याने लगाम हाती धरला, त्या अनामिक माणसाला टांगा हाकता येत नव्हता. तो अयशस्वी झाला, टांगा उलटला. पण आपला माणूस मान खाली घालून पायी जाणार नाही, एवढे एकच त्याच्या मनात होते. त्याच वस्त्यांतून पुढे शिक्षक, डॉक्टर, वकील, अधिकारी निघाले. त्यांच्या हाती आता लगाम आहे आणि तो चालवण्याचे ज्ञानही आहे. मागे किती माणसे बसली आहेत, हे त्यांनी वळून पाहावे आणि रिकाम्या जागेवर वाटेत उभ्या असलेल्या लेकरांना बसवून घ्यावे.